चौऱ्याऐंशी अंशांतलं सोवळं

पृथ्वी वाचवायची असेल तर सुरुवात पायजम्यापासून करावी, असं माझं ठाम मत होतं. होतं म्हणजे, त्या शनिवारी सकाळपर्यंत होतं!

मी नुकतंच पर्यावरण अभियांत्रिकीत एम. एस. संपवलेलं. ह्यूस्टनची नोकरी सुरू व्हायला दीड महिना अवकाश होता, आणि युनिव्हर्सिटीजवळचं अपार्टमेंट मात्र लगेच सोडायचं होतं. अशा वेळी ह्यूस्टनलगतच्या शुगर लँडच्या सुहासिनीकाकू आणि त्र्यंबककाका धावून आले. नागपूरला कधीकाळी ते आमच्या शेजारी राहायचे, एवढीच काय ती ओळख. पण काकूंनी फोनवर दमच भरला, "यशोधन, हॉटेलबिटेल शोधशील तर आईला सांगेन!" मला वरची खोली मिळाली. फ्रिजमध्ये माझ्या वाटणीचं वरण वेगळं राहू लागलं. भाड्याचं नाव काढलं की काकांना अचानक ऐकू येईनासं व्हायचं.

एवढं प्रेम फुकट घ्यायचं म्हणजे मला झोप लागेना. म्हणून काका-काकू आठवडाभर लेकीकडे, अर्विंगला गेले तेव्हा मी ठरवलं, त्यांच्या घराची वीज वाचवायची. न सांगता! परत आले की चकितच होतील.

विचार अगदी शास्त्रशुद्ध होता. टेक्सासच्या उन्हाळ्यात सगळ्यात जास्त वीज एसी खातो. एसी बहात्तर अंश फॅरनहाइटवर का? कारण माणूस कपडे घालतो! आधी स्वतःला गुंडाळायचं, मग गुंडाळलेल्याला गार करायचं, मग ते गुंडाळलेलं धुवायचं, आणि बाहेर रणरणतं ऊन असताना ड्रायरमध्ये फिरवायचं! कपडे न घालता राहणाऱ्या निसर्गवादी मंडळींचे लेख मी वाचले होते. आधी हसलो. मग त्यांची आकडेमोड तपासली, तर चूक सापडेना. घर रिकामं, पडदे जाड. मी एसी चौऱ्याऐंशीवर नेला आणि टी-शर्ट काढला. मग उरलेलंही.

काही निरीक्षणं इथे प्रामाणिकपणे नोंदवतो. घाम वाळला की अंग गार होतं, हे भौतिकशास्त्र खरं आहे. पण शुगर लँडच्या दमट हवेत घाम वाळत नाही, ग्रीन कार्ड काढून कायमचा राहतो! काकांच्या लेदरच्या सोफ्यावरून उठताना पाकिटाची चिकटपट्टी सोलल्यासारखा आवाज होतो. आणि पोह्यांची फोडणी या अवस्थेत कधीही करू नये. मोहरी कुठे उडेल याचा नियम विज्ञानाला अजून सापडलेला नाही!

पण सगळ्यात मोठी अडचण कुठल्याच लेखात नव्हती. कपडे नसले की खिसा नसतो. खिसा नसला की फोन कुठेतरी राहतो. त्या शनिवारी माझा वरच्या खोलीत राहिला होता.

आणि प्रयोगाचा कळस म्हणून मी त्याच सकाळी माझे झाडून सगळे कपडे धुतले होते. अंगणात दोरी बांधणं कॉलनीच्या नियमात बसत नाही, म्हणून गॅरेजमध्ये बांधली. तिथे माझं समग्र वस्त्रवैभव वाळत होतं. मी आंघोळ करून स्वयंपाकघरात ताक पीत उभा होतो.

तेवढ्यात गॅरेजचं दार गडगडलं!

काकूंच्या गॅरेजचा कोड निम्म्या शुगर लँडला पाठ आहे. कुणाला परात हवी, कुणाला मोठं पातेलं.

"यशोधन! अरे, आहेस का?" हा अहिल्यामावशींचा आवाज. या काकूंच्या मैत्रीण, दोन गल्ल्या सोडून नवं घर घेतलेल्या. "फोन का उचलत नाहीस? चौरंग न्यायला आलोय रे!"

"मॉम," मागून त्यांच्या रुहीचा आवाज आला, "व्हाय आर देअर सो मेनी अंडरवेअर्स इन हिअर?"

जिना गॅरेजच्या दारासमोरच. तिकडे जाणं म्हणजे स्टेजवर जाणं! जिन्याखालच्या कपाटाचं काकूंनी देवघर केलंय, ते मात्र दोन ढांगांवर होतं. मी आत घुसलो आणि दार ओढून घेतलं. खुंटीवर काकांचं रेशमी सोवळं टांगलेलं होतं. ते नेसायचं कसं, मला माहीत नव्हतं. टॉवेलसारखं कमरेभोवती गुंडाळलं, पुढे एक गाठ मारली, आणि दार उघडलं!

अहिल्यामावशी दारातच थबकल्या. त्यांनी मला पाहिलं, मागचे देव पाहिले, माझ्या अंगावरचं पाणी पाहिलं. तो घाम होता.

"अगंबाई! सोवळ्यात पूजा करतोस?" त्यांचे डोळे भरून आले. "या वयात? इथे, अमेरिकेत?"

"इट्स लाइक अ टोगा," रुही म्हणाली. "कूल."

"मावशी, मी फक्त..."

"काही बोलू नकोस! देवानेच धाडलं तुला. अरे, आज आमच्याकडे वास्तूचा सत्यनारायण. शैलेंद्रगुरुजींची फ्लाइट कॅन्सल झाली, डेन्व्हरला अडकलेत. शिरा झालाय, माणसं बसलीत, आणि आमच्या पोरांना मराठी वाचता येत नाही. तुला पोथी वाचता येते ना?"

"येते, पण मी जरा कपडे..."

"हात लावू नकोस कशाला! सोवळं मोडेल!"

मला गॅरेजमधून नेण्यात आलं. माझी जीन्स माझ्या उजव्या खांद्याला घासून गेली, तर मावशींनी ती काठीने दूर सारली! स्वतःच्या चड्डीकडे इतक्या व्याकूळ नजरेने आजवर कुणी पाहिलं नसेल.

मावशींकडे एसी अडुसष्टवर. समोर पैठण्यांची रांग. मी मावशींच्या फोनवरून मंत्र ऐकवले, पोथी वाचली, साधुवाण्याची नौका बुडवली आणि वर काढली. लोक मन लावून ऐकत होते. माझं मन गाठीत होतं. रेशमाचं घर्षण किती कमी असतं, हे मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी शिकलो होतो. आता अनुभवत होतो. दर अध्यायाला गाठ थोडी थोडी सैल! ती सुटली तर संपलंच. उद्या सगळ्या टेक्सासला कळणार, परवा नागपूरला. आणि ज्या काकूंनी विश्वासाने घर सोपवलं, त्या मला वरच्या खोलीत कशाला ठेवतील?

आरतीला उठलो. एका हातात तबक, दुसऱ्यात घंटा. आणि तिसऱ्या हाताची खरी गरज असताना गाठ सुटली.

त्याच क्षणी मागून कुणीतरी कमरेशी कापड घट्ट पकडलं. कानाशी आवाज आला, "घाबरू नकोस. मी धरलंय. तू आरती म्हण."

त्र्यंबककाका! सत्यनारायणासाठी दोघं पहाटे अर्विंगहून निघाले होते. काकांनी सगळी आरती, मंत्रपुष्पांजलीसकट, एका हाताने माझी अब्रू धरून म्हटली. मग आपलं उपरणं काढलं, माझ्या कमरेला आवळून बांधलं, आणि लोकांना म्हणाले, "पोर उपाशी आहे हो, कंबर राहिली नाही." त्यांना त्या क्षणी नमस्कार करावासा वाटत होता, पण वाकायची हिंमत नव्हती!

संध्याकाळी घरी काकू कौतुकाने फुलून गेल्या होत्या. "तुझ्या आईला आत्ता फोन करते! म्हणते, काय संस्कार केलेत!"

ते मात्र मला सहन होईना. मी जीन्स, शर्ट, वर जॅकेटसुद्धा घालून त्यांच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. पर्यावरण, एसी, खिसा, सगळं. "मी उद्या दुसरी जागा बघतो, काकू," असंही म्हणालो.

काका छताकडे बघत बसले. काकूंनी ताट वाढायला घेतलं.

"देवघरात शिरलास तेव्हा आंघोळ झाली होती?"

"हो. थंड पाण्याने."

"मग रडतोस कशाला? देवाला तुझं काय नवीन आहे! त्याने पाठवलं तेव्हा तसाच होतास." त्यांनी माझ्यापुढे ताट सरकवलं. "आणि जागा कसली बघतोस? जेव. पण आमच्यासाठी एवढी उठाठेव केलीस होय रे, वेड्या?"

ताटातला भात मला एकदम धूसर दिसायला लागला.

सोमवारी काकू दुकानातून माझ्यासाठी जांभळा कुडता घेऊन आल्या. "बघ, चुरगळत नाही, इस्त्री नको. तुझ्या पर्यावरणाला बरा!"

मी लेबल पाहिलं. शंभर टक्के पॉलिस्टर! माझ्या नातवंडांच्या नातवंडांपर्यंत तो कुजणार नाही. इतक्या मायेने मला प्लास्टिक कुणी दिलं नव्हतं. आत्ता तोच घालून बसलोय. भयंकर उकडतंय.

पण काढणार नाही!