गट नंबर एकशेबारातली डुकरं

रानडुकराच्या शिकारीचा परवाना हातात पडला तेव्हा खुशालरावांनी तो आधी बायकोला, सुभद्राबाईंना वाचून दाखवला आणि मग वलगावच्या पानठेल्यावर. मुदत पंधरा दिवस. डुकरं तीनच, तीही नर. पिल्लं असलेल्या मादीला हात लावायचा नाही, कळप टिकला पाहिजे. सगळ्या अटी त्यांना मान्य होत्या. दिवसा त्यांच्या तुरीत झोपा काढून अंधार पडताच हरभरा उकरणाऱ्या कळपाचं आता काही खरं नव्हतं.

चूक सापडली ती गोवर्धनला. सैन्यातून निवृत्त झालेला, लायसनची बंदूक बाळगणारा हा शेजारी कागद दोनदा वाचल्याशिवाय गोळी भरत नसे.

"काका, तुमचं वावर गट नंबर एकशेएकवीस. इथं एकशेबारा लिवलं हाये."

"मंग?"

"एकशेबारा म्हंजे बाजूची सरकारी जमीन. फॉरेस्टवाल्यायनं बांबू लावला ते. तुमच्या वावरात गोळी झाडली, त मीच अंदर जाईन!"

खुशालरावांनी तडक वनपाल गीतांजली मॅडमचं ऑफिस गाठलं. मॅडमनी चूक मान्य केली.

"पण दुरुस्ती वरून होऊन येते, काका. वीस दिवस तरी लागतील."

"परवाना त पंधराच दिवसाचा हाये, मॅडम!"

"मग नवा अर्ज करा. तोवर शिकार एकशेबारातच."

दुसरा कोणी असता तर हात टेकले असते. खुशालराव मात्र मिशीत हसत घरी आले. "गोळी तिकडंच झाडाची ना? त डुकरंच तिकडं नेऊ!"

"अवो, घरचं कुत्रं तुमचं आयकत नाही," सुभद्राबाई म्हणाल्या. "डुकरं आयकतीन?"

दुसऱ्या दिवशी दुपारी गोवर्धन बंदूक घेऊन बांबूत बसला. खुशालरावांनी रोपवनाचं फाटक सताड उघडलं आणि चार जणांसह डबे बडवत ते तुरीत शिरले. कळप उधळला तो थेट फाटकातून आत. सगळे कान टवकारून उभे राहिले. अर्धा तास झाला, तरी बार काही उडेना.

"गोवर्धन, मार ना बे!"

"काय मारू?" बांबूतून आवाज आला. "दोन माद्या अन् बारा पिल्लं! नर एकच होता. तो डबा वाजताबरोबर बालबच्चे टाकून वलगावकडं पयाला!"



शिकार फसली. पण बांबूत सावली होती, नळीनं पाणी होतं, माती भुसभुशीत होती. कळप तिथून हलेना. चौदा दिवस हरभऱ्याला कुणी तोंड लावलं नाही.

पंधराव्या दिवशी गीतांजली मॅडमचा निरोप आला. खुशालराव रोपवनात पोचले तेव्हा त्या चिखलात उभ्या होत्या.

"काका, तुमच्या डुकरांनी तीनशे रोपं उकरली!"

"माही काहून, मॅडम? जनावर सरकारचं, जमीन सरकारची. अन् परवाना म्हनान त कालच सरला."

"आत तुम्हीच हाकलली ना? मग बाहेरही तुम्हीच हाकला."

"हाकलतो ना! आत्ता हाकलतो," खुशालराव म्हणाले. "फक्त कोनाच्या वावरात हाकलू, तेवढं लेखी द्या."

मॅडमनी पेन काढलं आणि चहूकडे पाहिलं. एका धुऱ्यावर, स्वतःच्या वावराच्या बांधावर, डोमाजी उभा होता, दुसऱ्यावर पार्बताबाई, तिसऱ्यावर केशवराव. प्रत्येकाच्या हातात डबा होता.