रंगनाथाची खाज

सन २०२३. मला बहात्तरावं लागलं होतं, आणि आमचा शेजारी रंगनाथ मारुतीच्या पारावर बसून दाणे काढलेल्या मक्याच्या कणसानं पाठ खाजवायचा. कणीस कायम खिशात. कुणी आलं की पान-सुपारीसारखं पुढं करायचा. "घ्या पाव्हणं, लाजू नका. खाज हाय म्हंजी जीव हाय!"

बायको वारल्यापासून गडी एकटाच. अंगभर पुरळ, पण कारण दर आठवड्याला नवं. आधी वांगं सोडलं. मग उसाच्या कुसळावर आळ, मग साबणावर. शेवटी म्हणाला, "तात्या, नळाचं पाणीच बाधतंय."

"आंगूळ तर कर, मंग बाधंल," मी म्हणालो. पारावरचे सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी.

आणि तेव्हा माझ्याच बोटांच्या बेचक्यांत तसले फोड होते. हात उपरण्यात लपवून बसायचो. शाळा दुसरीपर्यंतच, पण गावात माझा शब्द चालतो. खरूज कशी चालंल?

नातीच्या अंगावर उठलं तेव्हा सुनेनं मलाही सोनईच्या दवाखान्यात ओढत नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, खरूजच आहे. बारीक किडा कातडीत शिरतो, स्वच्छ माणसालाही होते. मानेपासून तळपायापर्यंत मलम लावा, रात्रभर ठेवा, सकाळी आंघोळ. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी. कपडे, अंथरुणं गरम पाण्यात. आठवड्यानं पुन्हा."

संध्याकाळी एक ट्यूब घेऊन मोठ्या तोऱ्यात रंगनाथाकडं गेलो. त्यानं कोनाड्याकडं बोट केलं. तेच मलम. रिकाम्या ट्यूबा.

"मंग बरं का न्हाई झालं?"

त्यानं खाटेमागं बघितलं. खाटेमागच्या भिंतीवर पाठीच्या उंचीला मोठा तेलकट डाग होता. गडी भिंतीला मलम फासून त्यावर पाठ घासत होता.

"हात पोचत न्हाई, तात्या. ती हुती तवर..."

मला मान वर करवेना. "सदरा काढ," म्हणालो.

"नगं, तुमाला लागंल."

"लागलंय कवाच." मी दोन्ही हात पुढं केले.

त्यानं बेचक्या निरखून बघितल्या. "आन् पारावर हासत हुता व्हय वो, तात्या!"

त्यानं सदरा काढला. त्याच्या पाठीला मलम चोळत राहिलो. पार कंबरेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची गोधडी आणि माझी गोधडी एकाच हंड्यात उकळली, आणि मागच्या दारी नाही, रस्त्याकडेच्या तारेवर शेजारी-शेजारी वाळत घातली.