तारेकाकांचं लिमिट

आमच्या समोरच्या फ्लॅटच्या दारावर नावाची पाटी नाही. तिथे ‘माणसे २’ असं लिहिलेलं आहे. पांढऱ्या पत्र्यावर लाल ऑइलपेंटनं, लांबून वाचता येईल असं. नवा कुरिअरवाला आला की हमखास गोंधळतो आणि आमची बेल दाबून विचारतो, समोर नक्की कोण राहतं. मी सांगतो, तारे राहतात, आणि आत कुणी बसलेलं असेल तर तुम्ही उंबऱ्यावरूनच सही घ्या.

हा विनोद नाही. तारेकाकांची सगळी नोकरी खडकीला, दारूगोळ्याच्या कारखान्यात गेली. तिथे म्हणे प्रत्येक खोलीच्या दारावर पाटी असायची, आत माल किती आणि माणसं किती याची. आकडा भरला की पुढच्यानं बाहेर थांबायचं, आतला एक बाहेर आला की मग आत जायचं. फाटकावर खिसे रिकामे करायचे. उद्या काही झालंच, तर जाणारं कमीत कमी जावं, असा साधा हिशोब. लोक नोकरीतून पेन्शन आणि पाठदुखी घेऊन येतात, काकांनी ही पाटी आणली. कर्वेनगरच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटवर लावली आणि तिचा अंमलही सुरू केला.

माझी मुलगी बारावी झाली तेव्हा मी आणि बायको पेढे द्यायला गेलो. काकांनी दार उघडलं, आम्हा दोघांकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘‘वहिनी, आपण आत या. कुलकर्णी, आपण जरा थांबा. लिमिट भरलं.’’ बायको आत जाऊन पेढा देऊन पाणी पिऊन बाहेर आली, मग मी आत गेलो आणि दुसरा पेढा दिला. घरी आल्यावर बायको म्हणाली, ‘‘माणूस सुटलाय.’’ मी म्हटलं, सुटलेला नाही, चांगला घट्ट बांधलेला आहे.

घरात एक कॉट, दोन खुर्च्या, एक कढई, एक पातेलं, दोन ताटं. टीव्ही नाही, फ्रिज नाही. सोसायटीला पंचवीस वर्षं झाली म्हणून कमिटीनं घरटी एकेक भिंतीवरचं घड्याळ वाटलं, ते काका परत करून आले. ‘‘एक आहे. दोन झाली की कुठलं खरं, याची पंचाईत.’’ सेक्रेटरीला राग आला. आमच्याकडे त्या वेळी चार घड्याळं होती आणि चौघांचं एकमेकांशी पटत नव्हतं, म्हणून मी गप्प बसलो.

आमचं घर म्हणजे काकांच्या घराचं बरोबर उलटं टोक. बाजार उघडला, दुकानांतून एक्स्चेंज ऑफर आल्या, हप्त्यावर काय वाट्टेल ते मिळायला लागलं आणि माझ्या बायकोला आयुष्याचा मार्ग सापडला. मायक्रोवेव्ह आहे, त्यात आम्ही ब्रेड ठेवतो. चालायचं मशिन आहे, त्यावर टॉवेल वाळतात. बँकेनं मला व्हीआरएस देऊन घरी बसवलं, तर बसायला मोकळी खुर्ची नव्हती. काका आमच्याकडे कधीही आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभं राहून बोलायचे. आग्रह केला की मान वाकवून आत बघायचे आणि म्हणायचे, ‘‘नको. काही झालं तर बाहेर पडायला वाट कुठाय?’’

त्यांचा दुसरा नियम होता वर्षाचा. वर्षभर जिला हात लागला नाही, ती वस्तू आपली नाही. गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी तपासणी. त्या दिवशी काका स्वतःच्याच घरात परक्या इन्स्पेक्टरसारखे फिरायचे, एकेक वस्तू उचलून बघायचे. वापरलेली जागेवर जायची, न वापरलेली दाराबाहेर. एका वर्षी थंडी पडलीच नाही, म्हणून स्वेटर बाहेर गेला. वॉचमननं तो नेला. पुढच्या वर्षी अशी थंडी पडली की काका चादर पांघरून दूध आणायला जायचे आणि गेटवर वॉचमन त्यांचाच स्वेटर घालून त्यांना सलाम ठोकायचा. मी म्हटलं, काका, जरा चुकलंच ना हे? म्हणाले, ‘‘चुकलं कसं? वापरात आहे की.’’

हे सगळं हसण्यावारी नेता येतं, पण एक गोष्ट मी नेऊ शकलो नव्हतो. पूर्वी त्या पाटीवर ३ होतं. काका, काकू आणि मिलिंद. काकू गेल्या, दिवसवार झाले आणि दुसऱ्याच सकाळी काका स्टुलावर चढून तीनचा दोन करत होते. ब्रश स्थिर, हात स्थिर. सगळा जिना ते बघून खाली उतरला आणि सोसायटीनं ठरवून टाकलं की या माणसाला काळीज नाही. मीही ठरवलं. मग मिलिंद इंजिनिअर झाला, हडपसरच्या आयटी पार्कात लागला, तिकडेच टॉवरमध्ये फ्लॅट घेऊन राहायला गेला. पाटीवरचा दोन मात्र दोनच राहिला. रंग संपला असेल, असं मला वाटलं.

अमेरिकेत गेलेल्या पोरांच्या आईबापांना निदान एक सोय असते. तिथे रात्र असेल, सुट्टी नसेल, तिकीट महाग असेल, असं चारचौघांत सांगता येतं. हडपसरचं काय सांगणार? कर्वेनगरहून बस बदलून जाता येतं. मिलिंद वर्षाकाठी एखादी चक्कर टाकायचा, उभ्याउभ्या, गाडीची किल्ली हातात खेळवत. जेवायचा नाही. त्याला कायम कुठेतरी पोचायचं असायचं.

मला मात्र काका अधूनमधून जेवायला बोलवायचे. निरोप ठरलेला, ‘‘उद्या जेवायला या. ताट आपलं आणा.’’ मी ताट काखोटीला मारून जिन्याचा मधला पॅसेज ओलांडायचो. दुसरं ताट फळीवर उभं असायचं, पण मला वाढायचे ते माझ्याच ताटात. वर्षातून फक्त एकदा, पाडव्याच्या जरा आधी, निरोपातला ताटाचा भाग गळायचा. त्या दिवशी काका पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी करायचे आणि मला फळीवरच्या ताटात वाढायचे. भात संपत आला की खालून अक्षरं दिसायची, ‘चि. मिलिंद, पहिला वाढदिवस.’ नाव घातलेलं, जुनं, जड स्टील. मी समजायचो की वर्षातून एक दिवस तरी हा माणूस मला पाहुणा मानतो. फुशारकीनं बायकोला सांगायचोसुद्धा.

मग तो रविवार आला. माझा पेपर वाचून झाला की मी तो काकांकडे नेतो, कारण पेपर घेणं त्यांच्या नियमात बसत नाही आणि वाचणं बसतं. आम्ही दोघं दोन खुर्च्यांवर बसलो होतो, आत आमटी उकळत होती. बेल वाजली. मिलिंद. दाढी राखलेली, अंगात करडा टी-शर्ट, पायात करडे बूट. काकांचा चेहरा मी त्याआधी तसा कधी पाहिला नव्हता. पण नियम तो नियम. माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘कुलकर्णी, लिमिट.’’ मी उठलो, उंबऱ्याबाहेर आलो आणि तिथेच उभा राहिलो. आपल्या घरी निघून जायला हवं होतं, हे मलाही कळतं. नाही गेलो.

‘‘बाबा, मी मिनिमलिस्ट झालोय,’’ मिलिंद म्हणाला. कंपनीनं कुणी कोच आणला होता, त्याचं वर्कशॉप करून हे महाशय आता स्वतःच सेशन घ्यायला लागले होते. घरातलं निम्मं सामान काढून टाकलं. भिंती पांढऱ्या केल्या. मोबाइलवर त्यानं बापाला आपल्या रिकाम्या हॉलचे फोटो दाखवले. तो हॉल रिकामा दिसावा म्हणून एका डिझायनरबाईंना बोलवलं होतं म्हणे. ‘‘प्रत्येक सेशनला मी तुमचीच गोष्ट सांगतो. वर्षाचा नियम. लोक टाळ्या वाजवतात, बाबा.’’

काका लाजले. खरंच लाजले. ‘‘असं का,’’ म्हणाले आणि उगाच धोतराची निरी सारखी केली.

मिलिंद स्वयंपाकघरात गेला, फळीकडे बघून म्हणाला, ‘‘अरे वा. पण ताटं दोन कशाला? तुम्ही तर एकटे.’’

‘‘वापरात आहे,’’ काका म्हणाले. ‘‘पाडव्याआधी कुलकर्णी जेवले त्यात. दर वर्षी जेवतात.’’

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी पाहुणा वगैरे काही नव्हतो. ते ताट तपासणीतून सुटावं म्हणून मला वर्षातून एकदा त्यात वाढलं जात होतं. मला राग यायला हवा होता. आला तो वेगळ्याच माणसाचा.

मिलिंद हसला. ‘‘हे चीटिंग आहे, बाबा. माझं ताट कुलकर्णीकाकांनी वापरलं तर तो वापर होतो का? ज्याची वस्तू त्यानं वापरली पाहिजे. तुमचाच नियम नीट लावा.’’

नियमात फट सापडली होती आणि ती बुजवण्याचा अप्रामाणिकपणा काकांना जमला नसता. ‘‘बरोबर आहे तुझं,’’ म्हणाले. मग जरा घाईनं म्हणाले, ‘‘तू जेवूनच जा ना. म्हणजे प्रश्नच मिटला. आमटी झालीय. पुऱ्या लाटतो, वेळ नाही लागायचा.’’

‘‘मी दुपारी दोनच्या आधी काही खात नाही, बाबा. फास्टिंग.’’

‘‘मग दोनपर्यंत थांब.’’

‘‘दोनला बाणेरला सेशन आहे. साध्या राहणीवर.’’

मी दाराची चौकट धरून उभा होतो. त्याला म्हणावंसं वाटलं, गाढवा, दोन पुऱ्या खा आणि मग जा बाणेरला. पण पाटी होती दोनाची आणि बोलायचा हक्क आतल्या दोघांना होता.

मिलिंदनं ताट खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं, आपल्या नावाचा फोटो काढला आणि बापाला म्हणाला, ‘‘हे बघा, ही ट्रिक शिका. आठवण फोटोत ठेवायची, वस्तू सोडून द्यायची.’’ मग ते ताट पिशवीत घातलं. वाटेत कुठल्यातरी संस्थेला देणार होता. बापाला मिठी मारली, मला ‘‘बाय काका’’ म्हणाला आणि उतरला. काका गॅलरीत गेले नाहीत. आत जाऊन त्यांनी आमटीखालचा गॅस बंद केला.

यंदा पाडव्याच्या जरा आधी निरोप आला, ‘‘उद्या जेवायला या. ताट आपलं आणा.’’ मला वाटलं होतं, यंदा बोलावणं येणार नाही, कारण आता माझं कामच उरलं नव्हतं. गेलो. काकांनी पुऱ्या केल्या होत्या आणि बटाट्याची सुकी भाजी. फळीवर एकच ताट. आम्ही जेवलो. निघताना मी दारापाशी थांबलो आणि ती पाटी बघितली. कडा गंजल्या होत्या, पण आकड्यावरचा लाल रंग नव्यानं दिलेला होता, त्याचा वास येत होता. म्हणजे रंग संपला नव्हता.

माझ्या तोंडून गेलंच. ‘‘काका, उद्या तपासणी. ताट एकच उरलं. इथे अजून दोन कसे?’’

काका माझं ताट घासत होते. त्यांनी ते विसळलं, फडक्यानं पुसलं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, ‘‘तो नियम वस्तूंचा आहे, कुलकर्णी. माणूस वर्षभर आला नाही म्हणून त्याला काढत नाहीत.’’

मी ताट घेतलं आणि पलीकडे आलो. दार लावून घ्यायच्या आधी ते नेहमीसारखे म्हणाले, सावकाश जा. चार पावलांवर माझं घर होतं.