साडेपाच गाठी पाणी

वर्गात पाण्याची घागर आली की बसप्पा मास्तर उठून उभे राहत. आम्हीही उठायचं. मास्तर मुरुमकडचे, कानडी घरातले. पोरांना ‘तम्मा’, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणत.

"उठा रे तम्मांनो, पाव्हणं आलंय!"

निजामाचं राज्य होतं. एकदा तालुक्याहून साहेब शाळा तपासायला आले आणि त्यांच्या मागोमाग शिपाई घागर घेऊन आत शिरला. मास्तर ताठ उभे राहिले, डोळे घागरीवर.

"ये क्या तमाशा है?"

"हुजूर, मेहमान आए हैं."

साहेबांना वाटलं, आपल्यालाच म्हणाले. खूश होऊन त्यांनी पाणी मागितलं. मास्तरांनी अर्धाच पेला दिला. "लागलं तर पुन्हा देतो, हुजूर. टाकायचं मात्र न्हाय."

मास्तर एकटेच होते. बायको नाही, पोर नाही. गावात त्यांना मान होता तो शाळेच्या भिंतीमुळं. दर सोमवारी एका पोरानं हातहातभर अंतरावर गाठी मारलेली दोरी, टोकाला दगड बांधून, गावच्या विहिरीत तळापर्यंत सोडायची. भिजलेल्या गाठी मोजायच्या. मास्तर तो आकडा कोळशानं भिंतीवर लिहीत. आकडा पाचाच्या खाली गेला की पाटील मोट थांबवत आणि विहीर फक्त पिण्यासाठी राही.

त्या उन्हाळ्यात दोरी माझ्याकडं होती. विहिरीच्या वाटेवर विटीदांडू चाले. मी तिथंच थांबे आणि परत येऊन सांगे, "सात." मग "साडेसहा." मग "सहा." एकदम उतरवलं तर संशय येईल, एवढी अक्कल मला होती. मास्तर म्हणत, "शाब्बास तम्मा, अर्धी गाठसुद्धा सोडत न्हाय!"

भिंतीवर साडेपाच असताना मोटेला चिखल लागला. बायका कोसभर लांब ओढ्यात झरे उकरू लागल्या. त्यांत माझी आई होती.

मास्तरांनी खुंटीवरची दोरी काढली, गाठींवरून बोट फिरवलं. बोटाला धूळ लागली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

चावडीवर पाटील म्हणाले, "मास्तर, विहिरीत चिखुल अन् भिंतीवर साडेपाच गाठी! आता मोट भिंतीलाच जुंपावी का?"

लोक हसले. मी खांबाआड उभा होतो.

"आकडा लिहिताना मीच चुकलो, पाटील," मास्तर म्हणाले.

मास्तर जाऊनही बरीच वर्षं झाली. गावाला मी खरं सांगितलं नाही ते नाहीच. आज माझे केस पिकलेत, तेव्हा कुठं हे लिहितोय.

पुढच्या सोमवारी मास्तरांनी दोरी पुन्हा माझ्याच हातात दिली. "जा तम्मा."

मी पळत गेलो. दोरी तळाला टेकवली. परत येऊन ओलं टोक मास्तरांपुढं धरलं.

"अर्धी गाठ, मास्तर."

त्यांनी ती ओली गाठ चिमटीत धरली, बोटं डोळ्यांना लावली. भिंतीकडं आता गावातलं कुणी बघत नव्हतं, तरी ठळक अक्षरात लिहिलं: अर्धी. मग वर्गाकडं वळून, नेहमीच्याच आवाजात म्हणाले,

"उठा रे तम्मांनो, पाव्हणं आलंय."