डबा दुप्पट केला त्याची गोष्ट

कॉम्प्युटरला डोकं लागतं आणि आमच्या घरात ते एकट्या माझ्याकडे आहे, असं मी चारचौघांत छातीठोकपणे सांगायचो. चारचौघांत म्हणजे आई, बायको, वहिनी आणि शेजारचा कुंडलिक. त्यातल्या कुंडलिकला ते पटलेलं.

ही गोष्ट नव्व्याण्णव सालची, कळव्याची. माझी बायको सगुणा आणि भिंतीपलीकडची मंजुळावहिनी, दोघी घरबसल्या छापायच्या लग्नपत्रिका टाइप करून द्यायच्या. एक कॉम्प्युटर आमच्याकडे, एक वहिनीकडे, आणि दोघींचं काम साठवायला तिसरा, बिनपडद्याचा, स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर. भिंतीला भोक पाडून तिघांना वायरने जोडलं कोणी? मी! या तिसऱ्याला घरात सगळे ‘डबा’ म्हणायचे. आई तर त्याच्यावर सुक्या बोंबलांची टोपली ठेवायची.

तर हा डबा भरला. गच्च! नवीन काही ठेवायला गेलं की पडद्यावर ‘जागा नाही’ अशी इंग्रजीतली पाटी यायची.

“सगुणा, नवी हार्ड डिस्क टाकतो. जागा दुप्पट!”

“काही नको. आहे ते बरं आहे,” ती म्हणाली.

बायकांना टेक्निकल गोष्टी कळत नाहीत, असं मी मनात म्हटलं. मोठ्याने म्हणण्याइतका मी मूर्ख नाही!

त्यात काळुरामशेठ भोईरांच्या थोरल्या पोरीची पत्रिका आमच्याकडे आलेली. ती शनिवारी संध्याकाळी सातच्या आत ठाण्याच्या छापखान्यात पोचायलाच हवी होती. उशीर झाला की छापखानेवाला दुसऱ्याचं काम मशीनवर चढवणार, आणि लग्न तर तोंडावर! हे काम नीट झालं तर शेठच्या गावातली सगळी लग्नं आमची. फसलं तर दोघींच्या धंद्याचं नाव खराब. सगुणा आठवडाभर त्याच काळजीत होती.

शनिवारी दोघी जावा कागद आणायला ठाण्याला गेल्या आणि मी बोंबलांची टोपली उतरवून डबा उघडला. म्हटलं, घरी येईपर्यंत सरप्राइज तयार!

नवी डिस्क आत बसवून, आमच्या कॉम्प्युटरचा पडदा जोडून डबा चालू केला, तर त्याला नवीही दिसेना आणि जुनीही दिसेना. नवी सून घरात आली म्हणून सासूने अंथरूण धरावं, तसा प्रकार! डिस्कमागची एवढीशी पिन इकडची तिकडे केली, तेव्हा कुठे दोघींचं जमलं. मग मी जुनीवरचं अर्धं काम नवीवर हलवायला घेतलं. पडद्यावरची पट्टी निम्म्यावर आली आणि लाइट गेली!

काळुरामशेठच्या पोरीचं लग्न दोन डिस्कांच्या मधोमध लटकलं!

खिडकीतून बघतो तर कुंडलिकचा पंखा गरगर फिरतोय. म्हणजे फक्त आमच्या फेजची लाइट गेलेली. “कुंडलिक, वायर टाकू का रे?” मी ओरडलो. “टाक की! कॉम्प्युटरच्या माणसाला नाही म्हणतो काय!” मी खिडकीतून वायर ओढली, डबा चालू केला. पत्रिका सहीसलामत! पट्टी पुन्हा पुढे सरकायला लागली.

“लाइट आली वाटतं,” आई म्हणाली आणि तिने त्याच बोर्डावर मिक्सर लावून मसाला वाटायला घेतला.

फट्ट! कुंडलिकचा फ्यूज उडाला. त्याची मॅच ऐन रंगात आलेली. माझ्या डोक्याबद्दलचं त्याचं मत तिथल्या तिथे बदललं, आणि ते त्याने खिडकीतून मोठ्याने सांगितलंही.

त्याचा फ्यूज बांधून दिला, आईला पाट्यावर बसवलं आणि देवाचं नाव घेऊन पुन्हा सुरुवात केली. चार वाजता काम फत्ते! पत्रिका शाबूत, डबा दुप्पट. तेवढ्यात दारात काळुरामशेठ.

“काय गुणाजी, पत्रिका झाली ना?”

“कधीच! आणि शेठ, आपला डबा दुप्पट केला. आता जागाच जागा!”

“काय सांगतंस! मंग आता नावा बसतील?”

“नावं? अख्खं गाव बसेल!”

शेठ गॅलरीत गेले आणि खाली ओरडले, “ए भिवा! वर या रं सगले! डबा मोठा झाला!”

खाली जीप उभी होती. ठाण्याला पत्रिकेबरोबर जायला निघालेली भावकी त्या जीपमध्ये दाटीवाटीने बसलेली, ती सगळी वर आली. “माझ्या मेव्हण्याचा नाव घे!” “मामाकडचे र्‍हायले ना!” “माझा नाव जाड अक्षरात पायजे!” मला घेरून सगळे एकदम सांगायला लागले. तेवढ्यात कागदाची भेंडोळी घेऊन सगुणा आली. तिने एक नजर टाकली आणि मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं.

“काय केलंत हे?”

“जागा दुप्पट…”

“अहो, त्या ‘जागा नाही’वरच माझा धंदा चाललाय!”

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे पत्रिकेत एकाचं नाव राहिलं तर तो हळदीला येत नाही, त्याचं घर येत नाही आणि पुढे वर्षानुवर्षं त्याच्या घरचं पाणी मिळत नाही. ‘नाही’ म्हणायची खुद्द शेठची छाती नाही. पण मशीन नाही म्हणालं तर कोण कोणावर रुसणार? सगुणा पडद्यावरची पाटी दाखवायची आणि भावकी गपगुमान घरी जायची!

“मग सांग ना, भरलाय म्हणून.”

“आत्ता तुम्हीच बोंब ठोकलीत ना, जागाच जागा म्हणून! आता खरंच भरा. वहिनीच्या कॉम्प्युटरवर बसा. जा!”

वहिनीकडे गणपतीचे फोटो होते. ते मी डब्यात टाकले. मग तेच गणपती परत टाकले. मग परत! बाप्पा, माफ कर रे! “भावोजी, हात चालवा, सहा वाजले!” वहिनी डोक्यावर उभी. भिंतीच्या भोकातून पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. आई भज्यांवर भजी तळत होती आणि सगुणा जगातल्या सगळ्यात हळू बोटांनी टाइप करत होती. “मावशींच्या जावयांचं नाव काय म्हणालात, काका? परत एकदा सांगा ना.”

आणि एकदाची पलीकडे टुंग करून घंटी वाजली!

“काय झाला पोरी?” शेठचा आवाज.

“डबा भरला, काका. ही नवी नावं काही राहत नाहीत.”

“दुप्पट केला ना?”

“दुप्पट केला हो! पण तुमची भावकी केवढी! कुठल्या डब्यात मावणार?”

क्षणभर मला वाटलं, आता संपलं. पण शेठचा आवाज एकदम चढला. “ऐकला का रं? दुप्पट डबा पण पुरला नाय आपल्याला! चला, उठा!” आणि ज्यांची नावं राहिली ते सगळे लग्न जिंकल्यासारखे हसत जिना उतरले. पत्रिका सातच्या आत छापखान्यात पोचली.

शेठच्या गावातली सगळी लग्नं आता आमच्याकडेच येतात. फक्त पत्रिका द्यायला येणारा प्रत्येक जण आधी एकच विचारतो, “आमच्या भावकीनं पण डबा भरंल ना?”

भरतो की! माझे सगळे रविवार दुसरे कुठे जातात?