सोडणार नाही तुम्हाला, भाऊ

माझा आवाज इतका हळू आहे की मी दूधवाल्याला हाक मारली, तर तो पुढच्या चौकात जाऊन लोकांना विचारतो, 'मला कुणी बोलावलं का?' सकाळ-संध्याकाळ वंदना, रोज पंचशील, आणि पावसाळ्यातल्या वर्षावासाचे तीन महिने त्यावर आणखी एक नेम: कठोर शब्द तोंडातून काढायचा नाही आणि गमतीतही खोटं बोलायचं नाही. असा नेम घेतलेल्या बाईच्या हातून कुणाचं काय बिघडणार? बिघडून बिघडून भात बिघडेल, असं मी छातीठोकपणे सांगत असे.

यंदा माझ्या हातून अख्खा पिक्चर बिघडला.

पिक्चर आमच्या ह्यांचा. हे भोसरीच्या एका कंपनीत लेथवर होते. तरुणपणी टॉकीजमध्ये त्यांनी परदेशी घोडेवाल्यांचे पिक्चर पाहिले आणि ते त्यांच्या डोक्यात असे घुसले की लग्नानंतर मला पहिल्यांदा फिरायला नेलं तेही मोशीच्या दगडखाणीत. "बघ," म्हणाले, "इथे दोन माणसं समोरासमोर उभी केली की झालं." मी बघितलं. तिथे एक डंपर उभा होता.

कंपनीत हे पिक्चरचं बोलायचे, म्हणून फोरमन यशवंतराव त्यांना सगळ्यांसमोर "काय डायरेक्टर, आज पीस किती काढले?" असं विचारायचे. मग सगळं शॉप हसायचं. निवृत्त झाल्यावर ह्यांनी ठरवलं, पिक्चर काढायचाच. वसाहतीच्या हॉलमध्ये जुन्या शिफ्टच्या सगळ्या मंडळींना बोलवायचं, यशवंतरावांना पहिल्या रांगेत बसवायचं आणि शेवटच्या झुंजीला हॉल चिडीचूप करून टाकायचा.

"कुणी हसता कामा नये," हे मला म्हणाले. "एकदा तरी."

नाव ठेवलं 'सुडाची दुपार'. आमचा पुतण्या धम्मरत्न मोबाइलवर शूटिंग करणार होता. त्यानेच मला सांगितलं, "काकू, असले पिक्चर इटलीवाले कमी पैशात काढायचे. त्यांना स्पॅगेटी वेस्टर्न म्हणतात. स्पॅगेटी म्हणजे एक प्रकारच्या शेवयाच."

म्हणून पहिल्या दिवशी मी युनिटला शेवयांचा उपमा दिला. युनिट म्हणजे तीन माणसं. हिरो हे स्वतः. खलनायक सोहेलभाई, भोसरीतलेच गॅरेजवाले, मिशी अशी की लहान मुलं आपोआप अभ्यासाला बसावीत. आणि धम्मरत्न.

अंगावर घ्यायला ते लोक झूल वापरतात म्हणे. ह्यांनी माझ्या माहेरच्या सोलापुरी चादरीला मधोमध भोक पाडलं आणि त्यातून डोकं बाहेर काढून विचारलं, "कसा दिसतो?" वर्षावास चालू होता. मी म्हणाले, "ऊबदार."

पिस्तुलं मात्र ह्यांनी ओळखीच्या वर्कशॉपमध्ये लेथवर स्वतः केली. आरशासारखं फिनिशिंग. फक्त भरीव लोखंडाची. एक पिस्तूल म्हणजे अर्धा नांगर.

झुंजीसाठी वाळवंट हवं होतं. चाकणच्या कांदा मार्केटला सुट्टी होती, आवार मोकळं होतं. तिथल्या एका आडत्याच्या ओळखीने आत शिरलो. वारा सुटला की कांद्याचा पाला गोल गोल उडत जाई. हे खूष झाले. "त्यांच्याकडे काटेरी झुडपं उडतात, आपल्याकडे हा पाला. सेम टू सेम."

पण झुडपांनी डोळे चुरचुरत नाहीत. हे नजर रोखून उभे राहिले आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. धम्मरत्न म्हणाला, "काका, तुम्ही रडताय." हे म्हणाले, "लांबून दिसणार नाही. चालू ठेव." तो कॅमेरा घेऊन आणखी जवळ गेला.

समोर सोहेलभाईंनी पिस्तूल रोखलं. रोखलेलं पिस्तूल सावकाश खाली यायला लागलं. "वर धरा, भाई, वर!" हे ओरडले. "अरे विलासभाऊ, हे पिस्तूल आहे का इंजिनाचा ब्लॉक?" असं म्हणेपर्यंत ते हातातून सुटलं आणि सोहेलभाईंच्या अंगठ्यावर पडलं. सोहेलभाई एका पायावर उड्या मारत आले आणि त्यांनी ह्यांच्या गळ्याला मिठी मारली. तेवढ्यात दुसऱ्या दिवशीच्या बाजाराचे कांद्याचे ट्रक आत शिरले. रखवालदाराने शिट्टी मारून आम्हाला बाहेर काढलं. दुसरा टेक नाही.

त्या रात्री हे जेवले नाहीत. सकाळी मात्र उपाय सुचला. "ते लोक आवाज नंतरच भरतात. आपणही भरू. मिठी नाही, झटापट आहे, असं संवादातून कळवू." आणि त्यांनी खलनायकाला भयंकर संवाद लिहिले. स्वतःचे लगेच रेकॉर्ड करून टाकले.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सोहेलभाईंचा घसा बसला. कांद्याची धूळ. फोनवर नुसता पंक्चर टायरसारखा आवाज. हे हॉलमध्ये खुर्च्या लावत होते. धम्मरत्न घाईघाईने माझ्याकडे आला.

"काकू, तुम्हीच बोला. मी कॉम्प्युटरवर आवाज जाड करतो. कागदावरचं वाचायचं फक्त."

"अरे, ह्यांना विचारू या."

"काका फोन उचलत नाहीयेत, आणि मला रात्रपाळी आहे."

मी कागद हातात घेतला. पहिल्याच ओळीत 'भिकारड्या'. दुसरीत 'हरामखोर'. तिसरीत तर मी कागद उलटा ठेवला.

"धम्मरत्न, माझा नेम आहे रे."

"मग तेवढे शब्द बदला. ओठ जुळले की झालं."

मी फार काही बदललं नाही, हे मी आजही सांगते. ह्यांचा हिरो म्हणतो, "माझ्या बापाची जमीन तू घशात घातलीस." त्यावर कागदावर होतं, "गेली तर गेली, रड आता, भिकारड्या." मी म्हणाले, "गेली तर गेली, रडू नका आता." पुढे होतं, "पिस्तूल टाक, नाहीतर गोळी घालीन." गोळी घालण्याचं मी कसं बोलणार? मी म्हणाले, "पिस्तूल टाका, हात दुखेल." आणि शेवटी त्या झटापटीत, "मेलो तरी सोडणार नाही तुला, कुत्र्या." मी म्हणाले, "मेलो तरी सोडणार नाही तुम्हाला, भाऊ."

"कुत्र्या, भाऊ," धम्मरत्नने बोटांवर मोजलं. "बसतंय."

दुसऱ्या दिवशी हॉल भरला. यशवंतराव पहिल्या रांगेत. हे हॅट घालून दाराशी उभे. पिक्चर सुरू झाला आणि सोलापुरी चादर पडद्यावर आल्याबरोबर मागून कुणीतरी म्हणालं, "विलासराव, उकडत नाही का?" सगळा हॉल हसला. सोहेलभाई मिशीवर ताव देत आले आणि त्यांच्या तोंडून माझा जाड केलेला आवाज निघाला, जणू एखादे मायाळू मामा जेवायला बोलावतायत. हॉल पुन्हा हसला. ह्यांनी अंधारात माझ्याकडे पाहिलं. मी पदराची घडी घालत बसले.

मग झुंज आली. पडदाभर ह्यांचा चेहरा, डोळ्यांतून पाणी. "माझ्या बापाची जमीन तू घशात घातलीस."

"गेली तर गेली. रडू नका आता."

हसू थांबलं. सोहेलभाईंचं पिस्तूल हळूहळू खाली आलं, पडलं, आणि ते लंगडत येऊन ह्यांच्या गळ्यात पडले.

"मेलो तरी सोडणार नाही तुम्हाला, भाऊ."

हॉल असा चिडीचूप झाला की पंख्याची खरखर ऐकू येत होती. तेवढ्यात पहिल्या रांगेत कुणीतरी मोठ्याने नाक शिंकरलं. दिवे लागले तर यशवंतराव उठून चप्पल शोधत बाहेर निघाले होते.

"गेला," हे म्हणाले. "भेटायलासुद्धा थांबला नाही."

घरी आल्यावर हे हॅट मांडीवर ठेवून बसले. "मी सूड काढला होता," म्हणाले. "लोकांनी भरतभेट बघितली. खरं सांग, कसा झाला पिक्चर?"

नेम हा नेम. मी शक्य तितक्या हळू म्हणाले, "वाईट झाला. पण तुम्ही रडताना फार चांगले दिसलात."

"कांदा होता तो."

"माहीत आहे."

इतक्यात फोन वाजला. यशवंतराव. ह्यांनी तोंड वाकडं करत स्पीकर लावला.

"विलासराव, मी गावी आलोय. धाकट्या भावाच्या दारात हुबा हाय. आमच्या जमिनी कंपन्यांत गेल्या तवापासून त्याचं-माझं बोलणं न्हाई, ते ठावं हाय ना तुमाला? पिक्चर बघितला न् ऱ्हावलं न्हाई. पर हितं आलो न् पाय जड झालं. त्यो आतून बघतोय, मी भायेरून बघतोय." मग अगदी खालच्या आवाजात, "डायरेक्टर, म्होरं काय करू?"

हे ताठ बसले. मांडीवरची हॅट डोक्यावर गेली.

"काही बोलायचं नाही," हे म्हणाले. "नजर काढायची नाही. सावकाश चालत जायचं. जवळ गेलात की हात पुढे करा आणि डोळ्यांत पाणी येऊ द्या."

"बाकी जमंल. पाणी कसं आणायचं?"

ह्यांनी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "काय गं, कांद्याचं सांगू का?"

"आधी आपापलं येतंय का बघू द्या त्यांना," मी म्हणाले. "नाहीच आलं, तर सांगा."