शंभर टक्के आजारी

मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी शिट्टीने शिट्टी वाजवली नाही. या घटनेची नोंद आजोबांनी सात वाजून बारा मिनिटांनी केली.

शिट्टी म्हणजे आठवड्यापूर्वीच घरात आलेला मुठीएवढा लव्हबर्ड, पाठीला हिरवा, पोटाला पिवळा. नातीला आठवं वर्ष लागलं म्हणून तिच्या बाबांनी आणला, पिंजरा खिडकीत टांगला, वाटीत शिगोशीग दाणे भरले आणि ‘आता हिचं तुम्हीच बघा’ असं आजोबांना सांगून कामावर निघून गेले. घरात दिवसभर रिकामं माणूस एकच होतं, आणि रिकामं म्हटलेलं त्याला मुळीच खपत नसे.

आजोबा चौतीस वर्षं कचेरीत हेडक्लार्क होते. तिथे त्यांना सगळे ‘रकानेसाहेब’ म्हणत, पाठीमागेही आणि तोंडावरही. जगातला कुठलाही रकाना रिकामा राहता कामा नये, या एका तत्त्वावर त्यांनी नोकरी केली, संसार केला आणि निवृत्तीही घेतली. तेव्हा शिट्टी आली त्याच संध्याकाळी पिंजऱ्याला सुतळीने एक तक्ता लटकला: तारीख, वेळ, पाणी, वाटी, आवाज, सही. ‘वाटी’च्या रकान्यात सकाळ-संध्याकाळ एकच शब्द होता: ‘भरलेली’. आजोबा न बघता लिहिणाऱ्यांतले नव्हते हो. चष्मा पुसायचे, वाकून बघायचे, वाटी काठोकाठ दिसली की मगच लिहायचे.

गुरुवारी शिट्टी दांडीवरून उतरली आणि पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुगवून डोळे मिटून बसली.

“आजोबा, ती काही खात नाहीये,” नात म्हणाली.

“खात नाही ते दिसतंच आहे. वाटी बघ, जशीच्या तशी भरलेली आहे.”

सूनबाई ऑफिसला जाता जाता दारात थांबल्या. “सरकारी दवाखान्यात न्या हिला. पण तिथे अर्जबिर्ज करत बसू नका. डॉक्टरांना दाखवा आणि या.”

“बिनअर्जाचं दाखवणं म्हणजे चोरून दाखवणं,” आजोबा म्हणाले आणि कोटाच्या खिशात दोन पेनं अडकवली, एक लिहायला आणि एक पहिलं थांबलं तर.

दवाखाना चांगला ऐसपैस होता. एका टोकाला नोंदणीची खिडकी, दुसऱ्या टोकाला डॉक्टरांची खोली, मध्ये फार तर बारा पावलं. खोलीचं दार सताड उघडं होतं. आत डॉक्टर पंख्याखाली बसून नखं कापत होते. समोर ना गाय, ना कुत्रा, ना मांजर.

“डॉक्टर रिकामे आहेत,” नातीने आजोबांचा कोट ओढला.

“रिकामे आहेत,” खिडकीतल्या बाई म्हणाल्या, “पण अजून तुमच्यासाठी रिकामे नाहीत. जनावर मोठं की लहान?”

“पक्षी आहे,” आजोबा म्हणाले.

“तसा पर्याय नाही. पाय किती?”

“दोन.”

“मग कोंबड्या,” असं म्हणून बाईंनी गुलाबी अर्ज पुढे सरकवला. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ‘कुक्कुटपालन केंद्रातील आजारी पक्ष्यांबाबत माहिती’. खाली सतरा रकाने होते.

“ही कोंबडी नाहीये!” नात म्हणाली.

“अर्जापुरती आहे, बाळ. घरी गेलीस की पुन्हा पक्षी.”

आजोबांनी हरकत घेतली नाही. खरं सांगायचं तर सतरा रकाने बघून त्यांना बरंच वाटलं. निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी चारापेक्षा जास्त रकाने दिले नव्हते. बाकावर बसून, गुडघ्यावर जाड वही घेऊन त्यांनी मोत्यासारख्या अक्षरांत लिहायला घेतलं. केंद्राचे नाव: राहते घर. केंद्राचा पत्ता: इमारत, जिना, मजला. तेवढ्याने समाधान होईना म्हणून समासात छोटा नकाशा काढला, त्यात लाल फाटक दाखवलं आणि आपल्या दारावर बाण केला. एकूण पक्षी: १. पैकी आजारी: १. मग चौदावा रकाना आला: ‘आजारी पक्ष्यांची टक्केवारी’. आजोबांनी मागच्या कोऱ्या बाजूला रीतसर भागाकार केला, तो ताडून पाहिला आणि लिहिलं: १००.

इतक्या वेळात शिट्टीने एकदा डोळा उघडला आणि मिटला.

बाईंनी अर्ज हातात घेतला आणि बघतच राहिल्या. “काय अक्षर आहे! आणि चौदावा रकानासुद्धा? लोक तो सोडूनच देतात हो. मग आम्हीही सोडून देतो आणि पेशंट सरळ आत पाठवतो.”

“रकाना सोडायचा म्हणजे काय!” आजोबा फुलून म्हणाले.

बाईंनी आकडे संगणकात घातले. संगणकाने क्षणभर विचार केला आणि तांबडी पट्टी दाखवून कर्कश आवाज केला. डॉक्टर नखं कापायची थांबवून बाहेर आले, पट्टी वाचली आणि दोन पावलं मागे सरकले. मग खिशातून मास्क काढून तोंडावर चढवला.

“काय झालं?” आजोबांनी विचारलं.

“साथ,” डॉक्टर म्हणाले. “नियम सोपा आहे. केंद्रातले पन्नास टक्क्यांहून जास्त पक्षी आजारी असले की साथ. नोकरीत अकरा वर्षं झाली मला, पण नव्वदच्या पुढे गेलेली साथ अजून पाहिली नव्हती. तुमची शंभर टक्के आहे.”

“अहो, पण पक्षी एकच आहे!”

“तेच तर भयंकर आहे. एकसुद्धा धडधाकट उरला नाही.”

“मग तपासा ना तिला. ही काय, समोरच आहे.”

“आता कसा तपासू? साथीच्या पक्ष्याला हात लावला तर मला एकवीस दिवस बाजूला बसवतील. मग इथे पेशंट कोण बघणार?” डॉक्टरांनी रिकाम्या दालनाकडे हात केला. “काळजी करू नका. संगणकाने निर्मूलन पथकाला परस्पर कळवलंय. तासाभरात येतील.”

नातीने आजोबांकडे पाहिलं. “निर्मूलन म्हणजे काय, आजोबा?”

हा शब्द आजोबांनी चौतीस वर्षांत हजारदा लिहिला होता. अतिक्रमणाचं केलं होतं, डासांचं केलं होतं, एकदा तर जुन्या फायलींचंही केलं होतं. त्याचा अर्थ मात्र आजवर त्यांना कुणी विचारला नव्हता. “म्हणजे... कायमचा बंदोबस्त,” ते म्हणाले.

“मारणार?”

आजोबा चष्मा काढून पुसत राहिले. नातीने पिंजरा छातीशी धरला आणि हुंदका दाबला. आपण काय करून बसलो हे तेव्हा कुठे म्हाताऱ्याच्या ध्यानात आलं.

“चल, घरी जाऊ,” ते उठून म्हणाले.

“जा की,” बाई हळहळून म्हणाल्या. “पण ते घरी येतील हो. तुम्ही नकाशा काढून दिलाय. बाणसुद्धा केलाय.”

तेवढ्यात झाडूवाल्या मावशी दालन झाडत बाकापाशी आल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्यांच्या लेखी साथ नव्हती, रकाना नव्हता. समोर कचरा होता तेवढा त्यांना दिसत होता.

“हा पसारा कुणाचा? पिंजरा हलवला की भुसा सांडतोय नुसता.” असं म्हणत त्यांनी वाकून पिंजऱ्याचं दार उघडलं, वाटी बाहेर काढली आणि गालफडं फुगवून एक फुंकर मारली.

भर्रकन सगळी वाटी उडाली. टरफलं बाकावर, टरफलं फरशीवर, चार टरफलं आजोबांच्या कोटावर. वाटीच्या तळाला एक दाणा नव्हता.

“अगं आई गं!” मावशी ओरडल्या. “उपाशी आहे की हो पोर! दाणा सोलून खातात हे आणि टरफल तिथेच टाकतात. वरून वाटी भरलेलीच दिसते. कधी फुंकर मारून बघितली नाहीत का?”

आजोबांनी तक्त्याकडे पाहिलं. भरलेली, भरलेली, भरलेली. खाली प्रत्येक वेळी पूर्ण सही.

मावशींनी कोपऱ्यातल्या कोंबड्यांच्या खाद्याच्या पोत्यातून मूठभर दाणे आणले आणि बारीक निवडून वाटीत टाकले. शिट्टी आधी नुसती बघत राहिली. मग एक दाणा फुटला, मग दुसरा, आणि मग त्या इवल्या चोचीची अशी टकटक चालू झाली की बोलता सोय नाही. दहा मिनिटांनी ती दांडीवर चढली आणि तिने जेमतेम ऐकू येईल एवढी शिट्टी वाजवली. नात रडता रडता हसायला लागली.

“बरी झाली!” आजोबा खिडकीकडे धावले. “लिहा, बरी झाली!”

“लिहिते ना. कुठल्या उपचाराने?”

“उपचार नाही. जेवली.”

“जेवण हा उपचार यादीत नाही. उपचाराशिवाय बरी झाली असं लिहिलं तर संगणक विचारतो, मग दवाखाना कशाला?”

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. पथक वीस मिनिटांवर होतं. बाई तशा वाईट नव्हत्या. इकडेतिकडे बघून त्या खिडकीतून पुढे वाकल्या. “दुरुस्तीचा अर्ज करता येतो. घाबरल्यावर माणूस मोजायला चुकतं. एकूण पक्षी कमी लिहिले गेले असतील तुमच्याकडून. ‘माझ्या हातून चूक झाली’ एवढं स्वतःच्या अक्षरात लिहायचं, की झालं.”

“मी? एकापर्यंत मोजायला चुकलो?”

“बघा बुवा. तुमचा पक्षी आहे.”

चौतीस वर्षांत आजोबांनी ‘माझ्या हातून चूक झाली’ असं कधी लिहिलं नव्हतं. दुसऱ्यांकडून लिहून घेतलं होतं, तेही तीन प्रतींत. पेन हातात घेऊन ते उभे राहिले, आणि पेन चालेना. त्यांनी ते झटकलं, दुसरं काढलं. तेही चालेना, कारण मुळात पेनांत बिघाड नव्हताच. मागे शिट्टी पुन्हा एकदा वाजली. आजोबांनी डोळे मिटले, उघडले आणि ते वाक्य लिहिलं. मग गुलाबी अर्जावर ‘एकूण पक्षी’पुढच्या एकावर एक शून्य दिलं आणि चौदाव्या रकान्यातल्या शंभराचं एक शून्य खोडलं. एकूण शून्यं होती तेवढीच राहिली.

संगणकाने तांबडी पट्टी काढून घेतली. डॉक्टरांनी मास्क काढला. “दहा टक्के? मग काहीच नाही. दहात एखादा आजारी असायचाच.” पथकाची गाडी फाटकात आली तशीच एक सही घेऊन परत गेली. डॉक्टर पुन्हा नखांकडे वळले. शिट्टीला त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं नाही.

“आता एकच,” बाई म्हणाल्या. “पंधरा दिवसांत पाहणी अधिकारी घरी येतील. दहाच्या दहा पक्षी दिसले पाहिजेत.”

रविवारी खिडकीत मोठा पिंजरा आणि त्यात नवे नऊ पक्षी आले. सूनबाईंनी कपाळावर हात मारला. “एका रकान्यापायी नऊ पक्षी! तरी बरं, तुम्ही दोन शून्यं नाही दिलीत.”

पाहणी अधिकारी चौदाव्या दिवशी आले आणि पायपुसण्यावर थांबले. “बूट काढायचे का? मग इथूनच बघतो. दहा आहेत ना?”

“मोजा की,” आजोबा म्हणाले.

“तुम्ही लिहून दिलंय ना दहा? मग मोजून तुमच्यावर अविश्वास कशाला दाखवू? खाद्य?”

नात पिंजऱ्यातली वाटी काढून दारापर्यंत घेऊन गेली. अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं आणि लिहिलं: ‘भरलेली’. खाली पूर्ण सही केली. “छान निगा आहे.”

“फुंकर मारा ना,” नात म्हणाली.

“फुंकरीचा रकाना नाही, बाळ.”

नातीने स्वतःच मारली. कार्टीने मुद्दामच सकाळपासून टरफलं जमवून वाटीत भरली होती. ती सगळी अधिकाऱ्यांच्या शर्टावर बसली, कागदावर बसली. त्यांनी शर्ट झटकला, कागद झटकला. टरफलं खाली पडली, ‘भरलेली’ मात्र कागदावर तसंच राहिलं. आजोबांनी बघितलं आणि मान खाली घातली. अधिकाऱ्यांचं अक्षर त्यांच्याइतकं सुंदर नव्हतं, एवढाच काय तो फरक.

त्या संध्याकाळी तक्त्यात एक नवा रकाना आला: ‘फुंकर’. पहिले बारा दिवस आजोबांनी फुंकर मारून ‘मारली’ असं लिहिलं. तेराव्या दिवशी त्यांना सर्दी झाली होती. रकाना तर रिकामा ठेवता येईना, म्हणून त्यांनी नुसतंच लिहिलं. नातीने तक्ता सुतळीसकट उतरवला, त्याची होडी केली आणि तेव्हापासून रोज सकाळी वाटी तीच बघते. लिहीत काही नाही.

हसलात? हसा. तुम्ही म्हणाल, आमच्याकडे पिंजराच नाही. नसू दे. घरात एखादं म्हातारं माणूस असेल, एखादं मुकाट शाळेत जाऊन येणारं पोर असेल. ‘जेवलास का?’ तुम्ही मोबाइलवरून नजर न काढता विचारता. ‘हो’ म्हणतं ते. आणि तुम्ही मनातल्या रकान्यात ‘भरलेली’ असं लिहून मोकळे होता. बरं, तेवढं एक आठवून सांगा. त्याची शिट्टी शेवटची कधी ऐकली होतीत?